काचेतला पलंग

बैठक वर घरात घ्यायची की खाली दुकानात, या वादातच अर्धी सकाळ गेली. धाकटी सून वर यायला तयार नव्हती, आणि जिच्यासाठी बैठक तीच हजर नसेल तर निर्णय एकतर्फी ठरेल, असं वकील जावयांनी दोनदा बजावलं. शेवटी सगळं घर एकामागोमाग जिना उतरून गाद्यांच्या दुकानात आलं. आठवड्याच्या सुट्टीचा दिवस होता. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, शटर अर्ध्यावरच ठेवलं, तशी धाकटी दर्शनी काचेतल्या पलंगावरून म्हणाली, "शटर पूर्ण वर करा. तरच बोलेन."

"अगं, रस्त्यावरून लोक बघतायत," माई, म्हणजे तिच्या सासूबाई, कळवळून म्हणाल्या.

"बघू देत. कुणीतरी बघत असलं की मला बरं वाटतं."

आप्पांनी शटर वर केलं. बाहेर पंधरा-वीस माणसं आधीच ताटकळत होती. एक म्हातारे गृहस्थ तर घडीची खुर्ची घेऊन आले होते.

आठवडाभर हेच चाललं होतं. धाकटी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. गेल्या सोमवारी ती कामावरून आली, जेवली, स्वतःची उशी काखेत मारली आणि खाली येऊन काचेत मांडलेल्या पलंगावर आडवी झाली. काचेतले दिवे आप्पा रात्रभर चालू ठेवत, फुकटची जाहिरात म्हणून. समोर औषधांचं दुकान रात्रंदिवस उघडं. असल्या लख्ख उजेडात कुणाला डुलकीही लागली नसती, पण ही पालथी पडून जी झोपली ती सकाळी पेपरवाल्याने काच वाजवली तेव्हाच उठली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी लोक तिला बघायला थांबू लागले. इतकं गाढ झोपलेलं माणूस त्यांनी म्हणे बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

माईंनी लाजेने बाहेर जाणं बंद केलं. आप्पांना आधी संताप आला, मग दुपारपर्यंत सहा गाद्या गेल्या आणि संताप जरा निवळला. चौथ्या दिवशी त्यांनी धाकटीच्या पायाशी गादीच्या किमतीची पाटी ठेवली. तिच्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'बघा, खरंच झोप लागते.' ही पाटी उचलायची की ठेवायची, हा बैठकीतला दुसरा विषय होता.

सगळे गाद्यांवर बसले, कारण त्या दुकानात बसायला दुसरं काही नव्हतंच. आप्पांनी पाठदुखीवाल्यांची कडक गादी निवडली, कारण तिच्यावर माणूस ताठ बसतो आणि त्याच्या शब्दाला वजन येतं. जावयांच्या वाट्याला स्प्रिंगची आली. ते बोलायला लागले की गादी खालून दाद द्यायची आणि मुद्दा ठासून सांगितला की ते वर उडायचे. थोरली सून काथ्याच्या गादीच्या कडेला टेकली, शिलाईखात्यातली दाभणं अजून तिच्या खिशातच होती. तिचा नवरा परगावची शाखा सांभाळत असल्याने अशा प्रसंगांतून तो नेहमीच सुटायचा. आणि आप्पांची थोरली बहीण, आत्या, कोपऱ्यातल्या 'सुखनिद्रा'वर बसल्या बसल्या पेंगत होती. ती गादी म्हणजे या घराची पुण्याई. आत्या तरुणपणी सासरहून 'झोप लागत नाही' म्हणून परत आली, तेव्हा आप्पांच्या वडिलांनी, मोठ्या आबांनी, तिच्यासाठी खास बनवलेली. आत्या ती घेऊन सासरी गेली ती पुन्हा कधी तक्रार घेऊन आली नाही. पुढे दुकान त्याच गादीवर उभं राहिलं, आणि नवरा गेल्यावर आत्या गादीसकट माहेरी परतली.

राहिला धाकटा, धाकटीचा नवरा. त्याला बाजारात सगळे लेबल म्हणत. तो पाच महिन्यांचा असताना मोठ्या आबांनी त्याचा झोपलेला फोटो काढून घेतला आणि तोच दुकानाच्या प्रत्येक गादीवरच्या लेबलवर छापला. मूठ गालाखाली, ओठांचा चंबू. तीस वर्षं गावोगाव लोक त्या बाळाच्या भरवशावर गाद्या घेत होते. त्या बाळाविषयी वाईट काही ऐकायचं म्हणजे या घराला धंद्याविषयी वाईट ऐकण्यासारखंच होतं. आज तो तिशीतला, गुळगुळीत दाढी केलेला लेबल पुठ्ठ्याच्या मोठ्या लेबलखाली स्टुलावर बसून नखं बघत होता.

"तर," आप्पा म्हणाले, "मुद्दा असा की सूनबाईंना वर झोप लागत नाही."

"मुद्दा तो नाही, आप्पा," धाकटी म्हणाली.

"आम्ही काय कमी केलं? लग्नात दिलेली कापसाची टोचते म्हणालात, काथ्याची दिली."

"टोचते मी म्हणाले नव्हते. तुम्ही म्हणालात."

"काथ्याची नको झाली, फोमची दिली. फोमने गरम होतं म्हणून स्प्रिंगची. एवढ्या गाद्या तर या घरात मुलीच्या लग्नात दिल्या नव्हत्या."

"खरंय," जावई नकळत म्हणाले.

धाकटी पलंगावर मांडी घालून बसली होती. तिच्या मागे काचेवर मोठ्या अक्षरांत दुकानाची प्रसिद्ध हमी रंगवलेली होती, आतून ती उलटी दिसायची.

"मी शेवटचं सांगते. मी नको म्हणते. तो थांबत नाही. हात धरून ठेवतो. रडले तर उशी तोंडावर ठेवतो, तुम्हाला ऐकू जाईल म्हणून. आणि सकाळी विचारतो, चहा झाला का? याला बलात्कार म्हणतात. गादी कुठलीही असली तरी."

स्प्रिंग वाजू नये म्हणून जावयांनी गादी दोन्ही हातांनी दाबून धरली.

"हळू बोला," आप्पा घाईने म्हणाले. "काच जाड आहे, पण ओठ दिसतात बाहेरून."

लेबल स्टुलावरून उठला. त्याला खरोखरच वाईट वाटलं होतं, म्हणजे स्वतःविषयी. "काय बोलतेस तू? मी काय परक्याच्या घरात शिरलो होतो का? माझी खोली, माझा पलंग, माझी बायको."

पहिल्या दोन गोष्टींना आप्पांनी मान डोलावली, कारण त्यांची बिलं त्यांच्याकडे होती. तिसरीलाही ती सवयीने डोललीच.

"आणि तिला नको म्हणायची सवयच आहे, माई. भाजीला नको, सिनेमाला नको. माणसाने कुठवर मनावर घ्यायचं?"

जावयांना वाटलं, आता आपलं काम सुरू झालं. बायकोने त्यांना एका वाक्यात धाडलं होतं, 'तुम्ही जा, मला सुट्टी नाही, आणि या वेळी खरं बोला.' त्यातलं शेवटचं त्यांना वकील म्हणून जरा लागलंच होतं. त्यांची सगळी हयात बांध आणि भिंतीच्या भांडणांत गेली होती. काल रात्री त्यांनी पुस्तक काढून वाचलं होतं आणि वाचून त्यांना जे कळलं ते सांगायची त्यांना घाई नव्हती.

"कायदेशीर बाजू थोडी नाजूक आहे," ते म्हणाले आणि किंचित उडाले.

"मग मी सोप्पं विचारते, वकीलसाहेब," थोरली म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "हेच लेबलने दुकानात आलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाशी केलं असतं तर?"

"तर सरळ गुन्हा. संध्याकाळच्या आत तो आत."

"शेजारणीशी?"

"गुन्हा."

"हिच्याशीच, पण लग्नाच्या आदल्या दिवशी?"

"गुन्हाच, वहिनी. त्यात काय शंका?"

"आणि दुसऱ्या दिवशी?"

जावयांनी रुमाल काढला. "दुसऱ्या दिवशी लग्न झालेलं असतं ना. नवरा असला की ते कलम लागत नाही."

"बाई तीच?"

"तीच."

"माणूस तोच, खोली तीच, नको म्हणणंही तेच?"

"वहिनी, कायदा मी नाही केला!"

आप्पांना एवढ्या बोलण्यात ओळखीचं काहीतरी सापडलं. "म्हणजे गॅरंटी कुठल्या तारखेपासून सुरू होते, त्यावर आहे सगळं."

"उलटं आहे, आप्पा," जावई खाली बघत म्हणाले. "त्या तारखेला तिची गॅरंटी संपते."

धाकटी हसली. ते हसणं चांगलं नव्हतं. तिने मागे वळून काचेवर बोट ठेवलं आणि डोळे तपासायला आलेल्या माणसाला विचारावं तशा शांत आवाजात म्हणाली, "आप्पा, इथून वाचता येतंय का?"

वाचायची गरजच नव्हती. ती ओळ आप्पांनी स्वतः लिहिली होती आणि तिचा त्यांना मुलांपेक्षा जास्त अभिमान होता. 'महिनाभर झोपून बघा. नको वाटली तर परत. कारण विचारणार नाही.' ही हमी आली तेव्हा बाजारातले बाकीचे गादीवाले धाय मोकलून रडले होते. एका गृहस्थांनी स्वप्नात रोज साहेब येतात म्हणून गादी परत आणली, ती आप्पांनी हसतमुखाने घेतली. एकाने गादी मांजराला आवडली नाही म्हणून आणली, तीही घेतली.

"मांजराचं नको चालतं तुम्हाला," धाकटी म्हणाली. "माझं नको का चालत नाही?"

धंद्यात त्यांना निरुत्तर करणारं गिऱ्हाईक आजवर भेटलं नव्हतं. ते "मांजराचं वेगळं असतं," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात काच वाजली. गर्दी बाजूला झाली आणि एक हवालदार आत आला. जाडजूड, दमलेला माणूस होता. त्याला बसायला फोमची गादी मिळाली आणि तो तिच्यात कमरेपर्यंत रुतला.

"तक्रार आहे," तो खालून म्हणाला.

धाकटी पलंगावरून जवळजवळ उडीच मारून उतरली. "घेतलीत शेवटी? मी बुधवारी चौकीत आले होते तेव्हा तुम्हीच होतात. तुम्ही म्हणालात, नवरा आहे ना, मग घरात मिटवा."

"तुमची नाही, ताई." हवालदाराने तिला ओळखलं आणि तो ओशाळला. "समोरच्या औषधवाल्यांची. तुम्ही काचेत झोपता, त्याने गर्दी जमते. पदपथ अडतो. लोकांना चालता येत नाही. पदपथाला कलम आहे."

"पदपथाला आहे," थोरली म्हणाली.

"हो. अगदी कडक. आजच्या आज पलंग आत घ्या, नाहीतर दुकानावर कारवाई होईल."

आप्पांच्या जिवात जीव आला. कुणीतरी त्यांना आवरता येण्याजोगं संकट आणलं होतं. ते कडक गादीवरून उठले. "ऐकलं सूनबाई? आता सरकारच म्हणतंय. उचल रे," ते लेबलला म्हणाले, "पलंगाची ती बाजू धर. वर तुमच्या खोलीत नेऊन ठेवू. ज्या गादीवर हिला झोप लागते तीच वर गेली की प्रश्नच मिटला. झोपेच्या बाबतीत या घराला कुणी शिकवायला नको, हवालदारसाहेब. ही आमची अक्का. हिचीही हीच तक्रार होती. आबांनी ही सुखनिद्रा करून दिली, आणि आयुष्यभर सुखाने झोपली की नाही विचारा!"

"मी कुठे झोपले?" आत्या म्हणाली.

तिचे डोळे मिटलेलेच होते. सगळ्यांना वाटलं होतं तिला ऐकू येत नाही. तसं तिने घराला बरीच वर्षं वाटू दिलं होतं, त्याने तिच्यामागची कटकट कमी व्हायची.

"अक्का, तू झोपेत बोलतेयस."

"मला झोप येत नव्हती असं मी कधी म्हटलंच नव्हतं रे गुंड्या. मला झोपू देत नव्हते. या पोरीने आता जे सांगितलं ना, तेच मी आबांना सांगितलं होतं. एवढं स्पष्ट नाही. आमच्या वेळी त्याला शब्दच नव्हता, मी आपली पायाच्या अंगठ्याकडे बघून सांगितलं. पण आबांना कळलं. त्यांनी तोंड फिरवलं, आणि कापूस मागवला."

आत्याने हाताने गादी चाचपली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, इतकी ती खोल बसली होती.

"एवढी मऊ केली मेली, की उठून पळतासुद्धा यायचं नाही."

आप्पांनी धरलेली पलंगाची बाजू तशीच हातात राहिली. त्यांना आबांचा चेहरा आठवला, कापूस पिंजून घेताना त्या दिवशी ते कुणाशीच बोलले नव्हते. आप्पा तेव्हा दहा वर्षांचे होते आणि त्यांना वाटलं होतं, वडील नव्या गादीचा विचार करतायत.

थोरली काथ्याच्या गादीवरून उठली. तिच्या मनात गेले चार महिने जे सलत होतं ते आता तिला आत ठेवता येईना. ती या घरात आली तेव्हा लेबल शाळेत होता. त्याचे डबे तिने भरले होते. शिलाईखातं आप्पांच्या मर्जीने तिच्याकडे होतं आणि आप्पांच्या मर्जीनेच ते जाऊ शकत होतं, हेही तिला ठाऊक होतं. पण मोठ्या आबांचा एक नियम तिच्या हातात भिनला होता. परत आलेली गादी उसवून बघितल्याशिवाय पुन्हा विकायची नाही. आत गोळा असतो, खडा असतो, कधी तुटकं दाभण असतं.

"मी उसवल्या होत्या," ती म्हणाली.

"काय?" माईंनी विचारलं.

"हिच्या खोलीतून आलेल्या गाद्या. सगळ्या. कापसाची उसवली, तेव्हा म्हटलं नजरचुकीने सुटलं असेल, दिवा लावून पुन्हा हात फिरवला. काथ्याची उसवली. फोम तर चिरून बघितला. एकीतही गोळा नव्हता, माई. पहिल्याच गादीला मला कळलं होतं. तरी मी पुढची शिवून दिली. ही मला म्हणाली होती, वहिनी, गादी नको, माझ्या खोलीत झोपायला या. मी म्हटलं, बघू हं, आणि खोळीला कापड कुठलं हवं ते विचारलं."

धाकटीने तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती रागाने म्हणाली, "निळं सांगितलं होतं मी."

"निळंच लावलं," थोरली म्हणाली आणि रडायला लागली.

"साक्ष म्हणून हे चालेल," जावई अचानक म्हणाले. ते आता उभे होते आणि उभे राहिल्याने बरेच वकील दिसत होते. "ते मोठं कलम लागत नाही, ते नाही लागत. पण छळाचं लागतं. लहान आहे, शिक्षा थोडी आहे, पण त्याच्या जोडीला घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने कोर्ट नवऱ्याला जवळ फिरकू नको म्हणून हुकूम देऊ शकतं. फक्त तिने त्याच वेळी घरात कुणाला सांगितलं होतं, हे सांगणारं माणूस लागतं. एकापेक्षा जास्त असली तर उत्तम."

"मी तिघांना सांगितलं होतं," धाकटी म्हणाली. "वहिनींना. तुम्हाला फोनवर."

जावयांचे कान लाल झाले. त्यांनी त्या फोनवर सगळं ऐकून घेतलं होतं, 'अभ्यास करून कळवतो' म्हणाले होते आणि आठवड्याने तिला मानेखाली घ्यायची एक चांगली उशी पाठवली होती. ती उशी आता काचेत, पलंगावरच होती.

"दोघं झाले," हवालदार फोममधून म्हणाला. त्याला यात रस वाटू लागला होता. "तिसरं कोण?"

धाकटीने कुणाचंही नाव घेतलं नाही. तिने फक्त माईंकडे बघणं टाळलं, आणि त्यानेच सगळ्यांना कळलं.

माई उशांच्या मांडणीपाशी उभ्या होत्या. त्या बैठकीत बसल्याच नव्हत्या, कारण उभ्या माणसाला केव्हाही चहा ठेवायला जाता येतं. आता त्या भिंतीवरच्या पुठ्ठ्याच्या बाळाकडे बघत राहिल्या. तो फोटो त्यांना पाठ होता. फोटो काढायच्या दिवशी बाळ काही केल्या झोपेना, म्हणून मोठे आबा चिडले होते आणि माईंनी तासभर त्याला थोपटलं होतं. फोटोत डाव्या कडेला त्यांचं एक बोट आलं होतं, ते छापताना कापून टाकलं. गेली तीस वर्षं कुठलीही गादी दिसली की त्यांना आधी तेच आठवायचं. आपलं बोट इथे होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

"माई, तू तरी सांग यांना," लेबल म्हणाला. त्याचा आवाज आत्ताही लाडका होता. "तुला माहितीये मी कसा आहे ते."

"माहितीये," माई म्हणाल्या. "हिने पहिल्यांदा मलाच सांगितलं. लग्नाला महिनाही झाला नव्हता. मी म्हटलं, होईल सवय. आणि यांना सांगितलं, काथ्याची द्या."

"माई!"

"ओरडू नकोस. बाहेर लोक आहेत." मग त्या हवालदाराकडे वळल्या. "तिसरी मी. कुठे सांगायचं असतं हे? इथे की चौकीत?"

"चौकीत. पण बाई, मी पदपथासाठी आलो होतो…"

"पदपथाचंही घ्या. सगळं एकदमच घ्या." त्यांनी दाराशी जाऊन चपला घातल्या. चुकून दोन वेगवेगळ्या घातल्या आणि तशाच राहू दिल्या. "चल गं," त्या धाकटीला म्हणाल्या. हात पुढे केला नाही. तेवढा अधिकार आपल्याला उरलेला नाही, हे त्यांना समजत होतं. धाकटी थोडा वेळ थांबली. मग तिने आपली उशी काखेत मारली आणि निघाली.

हवालदाराला फोममधून बाहेर काढायला थोरली आणि जावई दोघं लागले. आत्याला सुखनिद्रातून उपसायला तर हवालदारही लागला. "मलाही यायचंय," ती म्हणत होती, "माझं जुनं आहे, पण ऐकून तरी घेतील." बाहेरच्या गर्दीने वाट दिली आणि मग तीही त्यांच्या मागोमाग चालू लागली, खुर्चीवाले गृहस्थ खुर्ची घडी करून सगळ्यांत शेवटी. पदपथ मोकळा झाला. औषधवाला दारात येऊन बघत राहिला.

दुकानात आप्पा आणि लेबल उरले. आप्पांच्या हातात किमतीची पाटी होती. ती त्यांनी केव्हा उचलली त्यांनाच कळलं नव्हतं.

"येतील परत," लेबल म्हणाला. "आप्पा, येतील ना?"

आप्पा पाटी उलटी करून कडक गादीवर बसले. नव्यानेच लग्न झालेलं एक जोडपं दबकत आत आलं. सुट्टी आहे असं सांगायला हवं होतं, पण आप्पा सवयीने उठून उभे राहिले.

"ती काचेतली गादी मिळेल का?" मुलीने विचारलं. "त्या ताई झोपायच्या ती. आम्ही रोज बघायचो."

"ती विकायची नाही," आप्पा म्हणाले.

"का? काही खोट आहे का तिच्यात?"

आप्पांनी पुठ्ठ्याच्या बाळाकडे बघितलं, मग त्याच्याखाली बसलेल्या मुलाकडे. सगळी हयात त्यांनी गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून उत्तर दिलं होतं. या वेळी त्यांना ते जमलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "गादीत नाही."